पोराला नेताय, घरी विचारलंत का?

मराठीत मुलांसाठी साहसकथा लिहिणाऱ्या, त्यांची चित्रं काढणाऱ्या आणि त्या छापणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही पालक दर शनिवारी मुलांचा वाचनगट चालवतो. नऊ ते चौदा वयाची मुलं येतात. काही चालत येतात, काही घोडबंदर रोडवरून आईच्या स्कूटरवर, दोघी बहिणी कळव्याहून. गुप्तहेर, खजिना, भुयार, देवळातून चोरीला गेलेली मूर्ती असं काही मुखपृष्ठावर दिसलं की ती पुस्तकं आधी उचलली जातात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. हे पत्र त्याच पुस्तकांबद्दल आहे. त्यातही एका पात्राबद्दल, मोठ्या नायकाच्या सोबत फिरणाऱ्या लहान मुलाबद्दल.

तुम्ही त्याला चांगलं ओळखता, कारण तुम्हीच त्याला लिहिता. नायक पस्तिशीचा, हे दहा-बारा वर्षांचं. झरोक्यातून आत शिरायला हेच, कोपऱ्यावर पाळत ठेवायला हेच आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात गोदामात हातपाय बांधून पडलेलंही हेच. मुलांचा सगळा जीव या पात्रावर असतो. कौतुक नायकाचं करतात, पण गोष्टीत शिरतात ती या पोराचा हात धरून. म्हणून ते पात्र काढून टाका असं मी अजिबात म्हणणार नाही. माझं मागणं एवढंच आहे, की नायक त्या पोराला घेऊन निघतो तेव्हा गोष्टीतल्या कुणीतरी त्याला अडवून विचारावं, ‘कुणाच्या परवानगीने नेताय?’ आणि पोराला काही झालं तर परत आल्यावर नायकाला जाब विचारणारंही कुणीतरी असावं.

जगभर गाजलेली अशी जोडी म्हणजे बॅटमन आणि रॉबिन. बॅटमन १९३९ साली आला आणि वर्षभराच्या आत, १९४० च्या एप्रिलच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८व्या अंकात रॉबिन अवतरला. बॅटमनच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिल फिंगर यांची अडचण कुठल्याही लेखकाला पटेल अशी होती. एकटा नायक बोलणार कुणाशी? होम्सला वॉटसन आहे, तसा यालाही कुणीतरी हवा. वाचक बरेचसे लहान, म्हणून तो कुणीतरी लहानच बरा. ही युक्ती इतकी लागू पडली की खप जवळजवळ दुप्पट झाल्याचं सांगतात. मग रांगच लागली. १९४१ साली कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्याच अंकात बकी होता. लष्करी छावणीतलं हे पोर नायकाच्या तंबूत शिरतं, त्याचं गुपित बघतं आणि तेवढ्या भांडवलावर थेट त्याच्या बरोबरीने लढायला लागतं.

रॉबिनचं मूळ जरा जवळून बघू. डिक ग्रेसन हा सर्कशीत झुल्यावर कसरत करणाऱ्या जोडप्याचा मुलगा. सर्कशीचा मालक खंडणी देत नाही म्हणून गुंड झुल्याच्या दोरांवर ॲसिड टाकून ठेवतात आणि आई-वडील मुलाच्या डोळ्यांदेखत खाली कोसळतात. बॅटमन त्याला आपल्याकडे नेतो आणि मेणबत्तीच्या उजेडात शपथ देतो. ते चित्र सुंदर आहे, मुलं त्या पानावर थांबतात. पण त्या खोलीत माणसं दोनच आहेत, शपथ देणारा आणि घेणारा. ‘अहो, हा लहान आहे’ असं म्हणायला तिसरं कुणी नाही.

हे तिसरं माणूस नसणं लेखकाला फार सोयीचं पडतं. म्हणूनच अशा गोष्टींतली इतकी मुलं पोरकी असतात. घरी वाट बघणारं कुणी नाही, जेवायला हाक मारणारं कुणी नाही, शाळेतून चिठ्ठी येत नाही. १९८४ सालच्या इंडियाना जोन्सच्या चित्रपटातला शॉर्ट राउंड घ्या. शांघायवरच्या बॉम्बहल्ल्यात त्याचे आई-बाप गेलेले. मोटारीच्या पेडलपर्यंत पाय पोचत नाहीत म्हणून पायाला ठोकळे बांधून तो नायकाला पळवून नेतो. आमच्या मुलांना तो प्रसंग भयंकर आवडतो, मलाही आवडतो. पण त्याच चित्रपटाची गोष्ट काय आहे? भारतातल्या एका गावची मुलं पळवून खाणीत कामाला जुंपली आहेत आणि नायक त्यांना सोडवायला निघाला आहे. मुलांना जिवावरच्या कामाला लावणं हा तिथे खलनायकाचा गुन्हा आहे. मग नायकाच्या शेजारी पळणाऱ्या मुलाचं काय? फरक आहे, नाही असं नाही. नायकाचा त्याच्यावर जीव आहे आणि ते पोर आपखुशीने आलं आहे. पण जीव असणं पुरेसं आहे का, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या खुशीवर किती भिस्त ठेवायची, हे बोलायला हवं. ते गोष्टीतच बोललं गेलं तर उत्तम.

नाही बोललं तर काय होतं, त्याचं सगळ्यात जळजळीत उदाहरणही रॉबिनचंच आहे. पहिला रॉबिन मोठा होऊन बाहेर पडल्यावर जेसन टॉड नावाचा दुसरा मुलगा आला. १९८८ साली एका अंकाच्या शेवटी, आपल्या जन्मदात्या आईच्या शोधात निघालेला हा जेसन स्फोटात सापडतो. पुढे काय व्हावं ते वाचकांनी ठरवायचं होतं. त्यासाठी दोन फोन नंबर दिले होते. एकावर फोन केला तर तो जगणार, दुसऱ्यावर केला तर मरणार. एका फोनला ५० सेंट. तो मरावा म्हणून ५,३४३ फोन आले, जगावा म्हणून ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी मुलगा मेला. पुढच्याच वर्षी तिसरा रॉबिन आला.

फोन करणाऱ्यांवर मी रागावत नाही. इतकी वर्षं त्यांना जे शिकवलं गेलं होतं तेच त्यांनी केलं. हे पात्र नायकाच्या उपयोगाचं आहे. उपयोग संपला, कंटाळा आला, तर दुसरं आणता येतं. त्या मुलाला घर दिलं असतं, त्याच्या जाण्याने जेवणाच्या टेबलावरची एक खुर्ची रिकामी होणार आहे हे वाचकाला आधीपासून ठाऊक असतं, तर हा खेळ मांडायची हिंमत मुळात संपादकांनाच झाली नसती असं मला वाटतं.

आता आपल्याकडे या. हे सगळं आपल्या दोन महाकाव्यांनी आधीच लिहून ठेवलं आहे, आणि ते इतकं नेमकं की मुलांसोबत पुन्हा वाचताना मी अक्षरशः थक्क झाले.

विश्वामित्र दशरथाच्या दरबारात येतो आणि यज्ञाच्या रक्षणासाठी राम मागतो. गीतरामायणामुळे हा प्रसंग मराठी घराघरांत ठाऊक आहे. वाल्मीकींनी तो फार सावकाश लिहिला आहे. राजाने ‘मागाल ते देईन’ म्हणून आधीच शब्द दिलेला असतो, तरी मागणं ऐकून तो मोडून पडतो. माझा राम अजून सोळाचाही नाही, म्हणतो. त्याला युद्ध येत नाही, त्याऐवजी मी येतो, माझी सगळी सेना घ्या. विश्वामित्र संतापतो. शेवटी वसिष्ठ मध्ये पडतात, राजाची समजूत घालतात आणि मग कुठे आई-वडिलांच्या आशीर्वादाने राम-लक्ष्मण निघतात. साहस सुरू व्हायच्या आधी एवढा सगळा तंटा, आणि त्याने गोष्ट जराही अडत नाही. उलट मुलं श्वास रोखून ऐकतात. बाप मुलाला पाठवणार की नाही, यापेक्षा मोठं रहस्य दुसरं कोणतं?

पुढचं आणखी सुंदर आहे. शरयूच्या काठी विश्वामित्र सगळ्यात आधी मुलांना काय देतो? अस्त्रं नंतर. आधी बला आणि अतिबला या विद्या, ज्यांच्यामुळे भूक, तहान आणि थकवा बाधत नाही. घरापासून दूर नेलेल्या मुलाच्या पोटाची काळजी त्याने पहिल्या मुक्कामाला घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे, गवतावर झोपलेल्या रामाला उठवताना त्याच्या तोंडून निघतं ते ‘कौसल्या सुप्रजा राम’. पहाटे सुप्रभातम् लागतं त्या प्रत्येक घराला हे शब्द पाठ आहेत, पण ते मुळात जंगलातल्या एका मुक्कामावर, दुसऱ्याच्या लेकराला उठवताना म्हटलेले आहेत. तो उच्चार आईच्या नावाने सुरू होतो. हा मुलगा कुणाचा आहे, हे त्या तापट ऋषीने एक रात्रही विसरू दिलं नाही. मुलाला मोहिमेवर नेणारा मोठा माणूस कसा असावा, ते मला या दोन गोष्टींत सापडतं.

याची दुसरी बाजू महाभारतात. सोळा वर्षांच्या अभिमन्यूला युधिष्ठिर चक्रव्यूह फोडायला सांगतो. आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही, हे मुलगा स्पष्ट सांगतो. आम्ही तुझ्या मागोमाग येतो, असा शब्द मोठी माणसं देतात. जयद्रथ त्यांना तोंडाशीच अडवतो आणि पोर आत एकटं पडतं. पण व्यास तिथे थांबत नाहीत. संध्याकाळी अर्जुन छावणीत परततो. वाद्यं वाजत नाहीत, कुणी नजर वर करत नाही, आणि रोज हसत सामोरा येणारा मुलगा दिसत नाही. मग तो भावांना विचारतो, ही शस्त्रं आणि चिलखतं तुम्ही नुसते दागिने म्हणून घालता का?

मला तुमच्या गोष्टीत हा प्रश्न हवा आहे. जाण्याआधीचा दशरथाचा आणि परतल्यावरचा अर्जुनाचा. दोन्ही प्रत्येक पुस्तकात यावेत असा हट्ट नाही, पण एकही नसेल तर पोराला नुसतं वापरलं असं मी म्हणेन.

आजच्या काळात हे जमतं का, असं कुणी विचारेल. सत्यजित राय यांनी १९६५ पासून फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या गोष्टींत हे जमवलेलं आहे, आणि फेलूदा मराठीतही आनंदाने वाचला जातो. तोपशे हा फेलूदाचा चुलतभाऊ. फेलूदाचे आई-वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले आणि तोपशेच्या वडिलांनी त्याला वाढवलं. म्हणजे पोरका इथे नायक आहे आणि घर मुलाचं आहे! सफरी बहुतेक सुट्टीत होतात, घरच्यांना ठाऊक असतं आणि जोखीम घेणाऱ्याला परत त्याच घरात काकांना तोंड दाखवायचं असतं. शिवाय गोष्ट सांगतो तोपशे. मोठ्या माणसाचं शहाणपण आपण त्या मुलाच्या डोळ्यांनी मापतो. रहस्य कुठे पातळ झालं? उलट जैसलमेर असो की काठमांडू, आपण निर्धास्तपणे सोबत जातो.

होम्सच्या गोष्टींतली बेकर स्ट्रीटची पोरंही मला यासाठी आवडतात. १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत ही फाटक्या कपड्यांतली टोळी धडधडत जिना चढून येते. पोलिसांना बघून लोक तोंड मिटतात, ही पोरं मात्र कुठेही शिरतात, सगळं ऐकतात, हे होम्सला कळलेलं आहे. आणि तो त्यांना पैसे देतो. रोजचा एक शिलिंग, आणि पुढच्या कादंबरीत ज्याला होडी सापडेल त्याला वर एक गिनी. काम करून घेतलं तर दाम दिला. रात्री ती झोपतात कुठे, हे डॉयलने सांगितलं नाही, आणि तेवढी फट त्या गोष्टीत राहिलीच. आपल्याकडे मात्र स्टेशनवरचं, टपरीवरचं पोर नायकाला मदत करतं, मार खातं, आणि शेवटी बक्षीस काय, तर नायकाची पाठीवरची थाप. असं लिहू नका. हॉलमध्ये बसलेल्या मुलांपैकी एखाद्याच्या घरी हे चित्र फार ओळखीचं असू शकतं.

कायद्याचंही एक सांगते. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला आपल्याकडे मनाई आहे, घरचा उद्योग आणि बालकलाकार हे अपवाद, तेही अटींसह. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत जातो. म्हणजे पडद्यावर नायकाच्या छोट्या साथीदाराचं काम करणाऱ्या मुलाची काळजी घ्यायला नियम आहेत. तो जे पात्र रंगवतो त्याची काळजी फक्त तुमच्या हातात आहे.

आम्हा ठाणेकरांना हा वाद नवा नाही. दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्यावर किंवा वर्तकनगरला मान वर करून उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे, की सगळी गर्दी ज्याच्याकडे बघते ते सगळ्यात वरचं, सगळ्यात हलकं लेकरू असतं. थर लागताना ते एकेका खांद्यावर गुडघा टेकत चढतं, शेवटच्या थरावर क्षणभर थरथरतं, मग हात वर करून सलामी देतं आणि खाली हजारो लोक ओरडतात. मला तो क्षण आवडतो आणि त्याच क्षणी माझ्या पोटात गोळा येतो. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायला मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं, आणि २०१७ साली १४ वर्षांखालच्या मुलांना सहभागी होऊ देणार नाही असं राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं. त्या काळात या शहरात घराघरांत वाद झाले. परंपरा, पराक्रम, मुलाचा आनंद, आईचा जीव, सगळं बोललं गेलं. कोण बरोबर हे इथे ठरवायचं नाही. पण खालच्या थरांतल्या मोठ्यांना ‘वरचं मूल कुणाचं?’ असं गावाने विचारलं, ते योग्यच झालं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही मुलांना सांगितलं, एक नायक आणि तुमच्या वयाचं एक मूल घेऊन गोष्ट लिहा. कळव्याच्या बहिणींपैकी धाकटीने लिहिलेली गोष्ट माझ्याकडे आहे. नायक पोलीस अधिकारी. खाडीतल्या एका बुडालेल्या होडीचा तपास करायला त्याला या मुलीची मदत हवी असते, कारण होडी तिनेच पाहिलेली असते. तो घरी येतो. आई पोळ्या लाटत असते. ती लाटणं खाली ठेवत नाही. विचारते, ‘तिला पोहता येतं, तुम्हाला येतं का?’ नायक गप्प. मग विचारते, ‘भरती किती वाजता आहे?’ त्याला माहीत नसतं. मुलीला माहीत असतं. आई म्हणते, ‘मग आज नाही, उद्या सकाळी ओहोटीला जा, हिच्या बाबांना घेऊन.’ यावर आमच्या हॉलमध्ये जो वाद पेटला तो शेवटी वॉचमनकाका कुलूप लावायला आले तेव्हा थांबला. अर्ध्या मुलांचं म्हणणं, आईने पाठवायला नको होतं. उरलेल्यांचं म्हणणं, रात्रीच जायला हवं होतं, नाहीतर चोर पळेल. एक मुलगा म्हणाला, तो खरा पोलीस असेल तर स्वतः आधी पोहायला शिकून येईल. होडीत काय होतं, हे विचारायचं सगळे विसरले.

या मुलीच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या पुस्तकांत कमी सापडते. तिला नायकापेक्षा जास्त काहीतरी कळतं. आपलं सोबतीचं पोर बहुतेक वेळा नुसतं प्रश्न विचारतं, म्हणजे नायकाला उत्तरं देता येतात. वाचकाला कळावं म्हणून ही सोय ठीक आहे, पण तेवढ्यासाठी मूल आणू नका. चेंदणी कोळीवाड्यातल्या मुलाला खाडीचा चिखल कुठे पाय धरतो ते कळतं. येऊरच्या पाड्यावरच्या मुलीला बिबट्याचा माग आणि कुत्र्याचा माग यातला फरक कळतो. मुंब्र्याहून रोज लोकलने शाळेत येणाऱ्या मुलाला कुठल्या डब्यात कोण बसतं ते तोंडपाठ असतं. ही माहिती नायकाकडे नसेल, तर मूल त्याच्याबरोबर का आहे याचं उत्तर गोष्टीला आपोआप मिळतं. आणि मुली आणा. बॅटमनच्या जगातसुद्धा १९८६ साली एका कादंबरीत कॅरी केली नावाची मुलगी रॉबिन झाली. आमच्या गटात मुली जास्त आहेत, आणि सोबतीची मुलगी असलेली मराठी पुस्तकं मी अजून शोधतेच आहे.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, की आपल्याकडे तर मूल स्वतःच नायक असतं. खरं आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुणाच्या मागे पळणारा नव्हता, त्याची सायकल त्याची होती. पण बघा, २०१७ च्या चित्रपटात हाच बन्या तरुण होऊन पुण्यात येतो, तेव्हा त्याच्यासोबत रस्त्यावरचं एक लहान पोर दिलेलं आहे. आपला बालनायक मोठा झाला की त्यालाही छोटा साथीदार लागतो. म्हणजे हे पात्र कुठे जाणार नाही, आणि ते नीट लिहिण्याची जबाबदारी आता आपल्याच भाषेवर आहे.

‘पालक मध्ये आले की गोष्ट रेंगाळते’ असं एका प्रकाशनसंस्थेत मला ऐकवलं गेलं. दशरथाचा दरबार त्यांनी पुन्हा वाचावा एवढंच म्हणेन. ज्याचं घर आहे त्याच्या जिवाला किंमत येते, आणि किंमत आली की धोका खरा वाटतो. पालक आणायचे म्हणजे उपदेश करणारे आणायचे, असंही नाही. एक आजी चालेल, वर्गशिक्षिका चालेल, मोठी बहीण चालेल. पोरका मुलगाच हवा असेल तर आश्रमाचे अधीक्षक रात्री दिवा लावून बसलेले दाखवा.

पुढच्या दिवाळी अंकांसाठी तुमच्यातले अनेकजण लिहायला बसाल. अशी एखादी गोष्ट तयार झाली, तर छापण्याआधी आमच्या गटाला वाचायला द्या. मुलं अर्धवट हस्तलिखित जपून हाताळतात, कुठे कंटाळा आला ते तोंडावर सांगतात, आणि बारावं प्रकरण बाकी असेल तर थांबायलाही तयार आहेत. लेखक स्वतः आले तर फारच बरं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर. चहा आम्ही करू. कळव्याची ती मुलगी पहिल्या रांगेत बसते, आणि तिचा पहिला प्रश्न काय असेल हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

आपली नम्र,
ठाण्यातल्या एका वाचनगटाची ताई